शेवटचं कधी पाहिलंत?

सोमवार, 17 जुलै 1944. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि तुम्ही बोरीबंदरच्या दारात पावसाची सर ओसरायची वाट बघताय. अंगावर धोतर, सुती कोट, डोक्याला काळी टोपी. सोगा हातात धरून चालायची सवय नाही, म्हणून तो आधीच भिजलाय. खिशात रेशनकार्ड आहे. ते हरवू नका. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून मुंबईत त्याच्यावाचून धान्य मिळत नाही. सुट्ट्या नाण्यांत मधोमध भोक पाडलेला पैसा सापडेल. तो खोटा नाही. लढाईच्या टंचाईत धातू वाचवायला टांकसाळीने काढलेला तो उपाय आहे. लढाईविषयी कुणी विचारलंच, तर ‘नॉर्मंडीत उतरलेत, बघू या’ एवढंच बोला. शेवट तुम्हाला ठाऊक आहे हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

हॉर्नबी रोडने फाउंटनकडे चालू लागा. फोर्टात हल्ली बँकांच्या जोडीने विमा कंपन्यांच्या इमारती उठल्यात. एस्प्लनेड रोडवरची न्यू इंडियाची इमारत आठ वर्षांपूर्वीची. तिच्या दर्शनी बाजूला नारायण गणेश पानसरे यांनी घडवलेली कष्टकरी माणसं उभी आहेत. फाउंटनजवळ ओरिएंटल, 1874 ची. तिच्याही चार वर्षं आधी बॉम्बे म्युच्युअल निघाली, आणि हिंदी माणसाच्या जिवाला नेहमीच्याच दराने हप्ता लावायला तिने सुरुवात केली. तोवर परदेशी कंपन्या हिंदी माणूस म्हटला की जादा हप्ता लावत. जीव तोच, पण तो कुणाचा यावर भाव ठरे.

तुमची कंपनी यांच्यापैकी कुठलीच नाही. सर फिरोजशहा मेहता रस्त्याच्या एका आडगल्लीत, तिसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. दर्शनी खोलीत एजंटांची वर्दळ, पंखा, भिंतीवर म्हातारपणी आरामखुर्चीत बसलेल्या जोडप्याचं चित्र. क्लेम खातं मागच्या बाजूला, पंखा नसलेल्या खोलीत. विमा विकायला येणाऱ्याने क्लेमचं टेबल बघू नये, अशीच ही मांडणी आहे.

तुमच्या टेबलावर टाक, दौत, टिपकागद, टाचण्यांची डबी, लाल फीत आणि एक जाडजूड जुनं पंचांग आहे. पंचांग कशाला, ते थोड्या वेळात कळेल. शेजारच्या टेबलाशी हेडक्लार्क बसलेत. पन्नाशीचे, कोटाच्या बाह्या कोपरांपाशी झिजून चकाकलेल्या. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, तुम्हीही म्हणा. ते तुम्हाला अरे-तुरे करतील. नव्या पोराला दुसरं काय म्हणणार?

“तीन प्रश्न,” अण्णा सांगतात. “पॉलिसी चालू होती का? माणूस गेला का? पैसे कुणाचे? याच क्रमाने विचारायचे. पहिल्याचं उत्तर लेजरात असतं, दुसऱ्याचं दाखल्यात. तिसऱ्याचं कोर्टात जाईस्तोवर सापडत नाही.”

एरवी हे खरं असतं. पण तुमच्या उजव्या हाताला, खिडकीखालच्या फळीवर, लाल फितीत बांधलेला एक वेगळा गठ्ठा आहे. त्याच्यावर अण्णांच्या अक्षरात एकच शब्द आहे: ‘गोदी’. त्या गठ्ठ्यात दुसराच प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसलाय.

*

काय झालं ते तुम्ही पुस्तकांत वाचलंय. इथे तीन महिन्यांनंतरही लोक ते आवाज खाली आणून सांगतात, कारण सुरुवातीला सेन्सॉरने वर्तमानपत्रांना ते छापूच दिलं नव्हतं. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं, आणि 12 एप्रिलला मुंबईत येऊन व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं; कराचीत त्यांच्या सोबतीला कापसाच्या हजारो गाठी आणि तेलाची पिंपं चढवलेली. शुक्रवार, 14 तारखेला दुपारच्या सुट्टीनंतर कापसातून धूर निघताना दिसला. बंब आले, पाणी मारलं, धूर वाढत गेला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली म्हणतात. आग विझवायला गेलेल्यांपैकी 66 अग्निशामक परत आले नाहीत. सरकारी हिशेबात मृतांचा आकडा सातशेच्या वर गेला. गोदीतली माणसं त्याहून पुष्कळ मोठा सांगतात.

त्याच जहाजावर 31 पेट्यांत सोन्याच्या 124 विटा होत्या. त्या शहरभर उडाल्या, एक तर मैलभर लांबच्या घरात जाऊन पडली. पण किती विटा चढवल्या आणि त्या कुणाच्या, हे कागदावर होतं. म्हणून पुढे कित्येक वर्षं गोदीच्या गाळात वीट सापडली की ती कुणाची हे कुणाला विचारावं लागलं नाही. त्या दुपारी गोदीत माणसं किती होती याचा असा कागद नव्हता. रोजंदारीच्या टोळीत सकाळी कोण आलं आणि दुपारी कुणाच्या जागी कोण उभं राहिलं, हे मुकादमाच्या डोक्यात असायचं. आणि मुकादमही गेलेले.

आणखी एक गोष्ट गठ्ठा सोडताना ध्यानात घ्या. तो फार मोठा नाही. आकडा सातशेचा आणि फायली इतक्या थोड्या कशा, असं वाटेल. ज्याला संध्याकाळी दिवसाची मजुरी मिळते तो तिमाहीचा हप्ता कुठून भरणार? गोदीतल्या हमालाची पॉलिसी नसते. इथे आलेत ते टॅली क्लार्क, फोरमन, गोदामांचे कारकून, जवळपासच्या पेढ्यांवरचे गुमास्ते. बाकीच्यांच्या बाबतीत ‘गेला का’ हा प्रश्न विचारायला कुणी टेबलच मांडलेलं नाही.

*

अकरा वाजता शिपाई दोघांना आत आणतो. पुढे चाळिशीचे गृहस्थ, हातात गळती छत्री. मागे नऊवारीतली बाई, तिशीच्या आतली, पदर डोक्यावरून घेतलेला. गृहस्थ ‘थोरला भाऊ’ म्हणून ओळख देतात. घर राजापूर तालुक्यात, बिऱ्हाड गिरगावात. धाकटा भाऊ एका स्टीव्हडोर कंपनीत टॅली क्लार्क होता. जहाजातून उतरणाऱ्या मालाचे नग मोजून वहीत मांडायचं काम.

“साहेब, फारम भरून आणलंय,” ते म्हणतात. “पैसे केव्हा मिळतील तेवढं सांगा.”

तुम्ही फॉर्म बघता. मृताचे नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचे कारण, सगळ्या जागा एकाच शाईने, एकाच हाताने भरलेल्या. फक्त खाली, पत्नीच्या सहीची जागा मोकळी आहे. मान वर करता तेव्हा दिसतं, की बाईंच्या कपाळावर कुंकू आहे.

आधी लेजर काढा. गडबडीत पहिला प्रश्न ओलांडू नये. पॉलिसी 28 जून 1936 ची, 2,000 रुपयांची, 20 वर्षं मुदतीची एंडोमेंट. तीन महिन्यांचा हप्ता 26 रुपये. शेवटचा भरलेला हप्ता डिसेंबर 1943 चा. मार्चचा हप्ता 28 तारखेला पडला आणि भरलेला नाही. पोटात गोळा येईल, पण थांबा. हप्ता चुकल्यावर सवलतीचे 30 दिवस असतात आणि ते 27 एप्रिलला संपतात. माणूस 14 एप्रिलला गेला असेल तर पॉलिसी जिवंत होती. राहिलेले 26 रुपये कापून घ्यायचे, बाकी सगळं द्यायचं.

आता वय. 1936 साली वयाचा पुरावा घेतलेला नाही. ‘पुढे सादर करतो’ असा शेरा मारून कुणीतरी वेळ मारून नेलीय. थोरले भाऊ पिशवीतून जन्मपत्रिका काढतात. कंपनी पत्रिका पुरावा म्हणून चालवून घेते, म्हणून तर टेबलावर पंचांग. शके 1832, फाल्गुन वद्य पंचमी. नवखा कारकून शकात 78 मिळवतो आणि 1910 लिहून मोकळा होतो. पण इंग्रजी वर्ष पौषातच बदलून गेलेलं असतं. फाल्गुनाला 79 मिळवावे लागतात. मार्च 1911. प्रपोजलवर 1910 आहे, म्हणजे नवऱ्याने, किंवा एजंटाने, वय वर्षाने जास्त सांगितलं आणि कंपनीने हप्ता थोडा जास्त घेतला. उलटं असतं तर रक्कम कमी करावी लागली असती. तसा टाचणीने कागद लावा आणि हिशेब अ‍ॅक्चुअरीकडे पाठवा.

इथवर सगळं सोपं आहे. अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात.

“मृत्यूचा दाखला?”

“दाखला कुठला, साहेब? काही सापडलंच नाही.”

“कॉरोनरकडे चौकशी केलीत?”

“जेजे, जीटी, केईएम, सगळीकडे आठ दिवस हिंडलो. कुठल्याच यादीत नाव नाही.”

अण्णा पुराव्याच्या कायद्याचं कलम तोंडपाठ म्हणावं तसं सांगतात. 1872 चा कायदा, कलम 108. ज्या माणसाची खबर त्याच्या जवळच्यांना सात वर्षं लागलेली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. थोडक्यात, सात वर्षांनी कायदा त्याला मेलेला धरतो. 14 एप्रिल 1951.

“आणि तोवर हप्ते?” हे बाई बोलतात. पहिल्यांदाच.

प्रश्न बरोबर ठिकाणी लागतो. कायद्याच्या नजरेत तो माणूस अजून मेलेला नाही, म्हणजे पॉलिसी चालू ठेवायची तर हप्ते भरत राहायला हवेत. नाही भरले तर ती एप्रिलअखेरच बंद पडली. शिवाय कलम 108 माणूस मेला असं धरायला लावतं, तो कधी मेला ते सांगत नाही. सात वर्षांनी कोर्टाने मृत ठरवलं, तरी 27 एप्रिल 1944 च्या आधी गेला हे वेगळं सिद्ध करावंच लागेल. ते जमलं नाही तर हाती येईल ती भरलेल्या हप्त्यांपुरती पेड-अप रक्कम. तुम्ही कागदाच्या कोपऱ्यावर गणित मांडता: 80 हप्त्यांपैकी 31 भरलेले, म्हणजे 2,000 चे 775. आज पुरावा मिळाला तर 1,974. बोनस दोन्हीकडे वेगळा. मधल्या फरकात गिरगावातल्या एका बिऱ्हाडाचं भाडं, एका मुलाची शाळा आणि बरंच काही बसतं.

थोरले भाऊ फॉर्म बाईंपुढे सरकवतात. “सही कर म्हणजे पुढचं बघता येईल.”

बाई टाक उचलत नाहीत. “ह्यावर सही केली म्हणजे ते गेले असं मी म्हटलं, असंच ना?”

खोलीत कुणी बोलत नाही. भाऊ खालच्या आवाजात खुलासा करतात, की गावाकडे आई रोज वाट बघते, ती हिला कुंकू पुसू देत नाही. तुमच्या काळातला कुणी असता तर इथे सांत्वनाचं काहीतरी बोलला असता. तुम्ही तोंड मिटून अण्णांकडे बघा. ते फॉर्म उचलतात, उलटा करून बाजूला ठेवतात आणि एक कोरा कागद घेतात.

“बाई, ते गेले असं तुम्ही म्हणायचं नाही. तुम्हाला ते ठाऊक नाही, मग म्हणणार कशाला? तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढंच सांगा. शेवटचं कधी पाहिलंत?”

*

या टेबलावर शिकण्यासारखं जे आहे ते पुढच्या अर्ध्या तासात आहे. त्यासाठी इतकी वर्षं मागे आलात, तर नीट ऐका.

अण्णा विचारतात ते प्रश्न साधे आहेत. किती वाजता निघाले? अंगावर काय होतं? सोबत काय नेलं? रोज परत किती वाजता येत? त्या दिवशी उशीर झाल्यावर प्रथम कुणाला विचारलंत? त्यानंतर पत्र, मनीऑर्डर, निरोप? आधी कधी न सांगता घर सोडून गेले होते का? कुणाचं देणं होतं? शेवटचे दोन प्रश्न कडू आहेत. थोरले भाऊ ते ऐकून ताठ होतात. पण अण्णांचा आवाज पहिल्या प्रश्नाला होता तसाच राहतो आणि बाईही तशीच उत्तरं देतात. सकाळी साडेसातला निघाले. पांढरा शर्ट, खाकी पँट, वही आणि छत्री. उन्हाळ्यातही छत्री घेत, उन्हासाठी. देणं वाण्याचं, महिन्याचं. न सांगता कधी गेले नाहीत.

“जेवण नेलं होतं?”

“डबा डबेवाला नेतो.”

“त्या दिवशी नेला?”

“नेला. शनिवारी संध्याकाळी त्याने परत आणून दिला. धुतलेला नव्हता, पण रिकामा होता.”

अण्णांचा टाक थांबतो. ते तुमच्याकडे बघतात, आणि तुम्हालाही एव्हाना दिसायला हवं. दुपारी जेवणाच्या वेळेला हा माणूस गोदीत होता. हे कुणी साहेब सांगत नाही, कुठला दाखला सांगत नाही. ज्या बाईला ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यापुढे एक अक्षर लिहिता येत नव्हतं तिलाच हे ठाऊक होतं. फक्त तो प्रश्न फॉर्मवर नव्हता.

प्रतिज्ञापत्रात बाई एवढंच सांगतील: 14 तारखेला सकाळी गेले, रोजच्या वेळी आले नाहीत, डबा रिकामा आला, आजतागायत खबर नाही. यावर त्या सही करतात, बाळबोधीत, सावकाश. यातून तो माणूस मेला असा निष्कर्ष काढायचं काम कंपनीचं, म्हणजे तुमचं. त्याचे पैसे तुम्हाला मिळतात.

*

दुपारी बाहेर पडा. गोदी इथून चालत जाण्याजोगी. कर्नाक बंदराच्या बाजूने उतरलात की छपरं नसलेल्या गोदामांची रांग लागते. हजारो मजूर अजून ढिगारे उपसतायत. गोदी पुरती उभी राहायला आणखी काही महिने जातील. फाटकावर शिपाई हटकेल. कंपनीचं पत्र दाखवा.

स्टीव्हडोर कंपनीचं ऑफिस तात्पुरत्या जागेत आहे. त्या दिवसाचा हजेरीपट शेडमध्येच होता आणि शेडबरोबर गेला. इथे नवखा माणूस टोपी घालून परत निघतो. तुम्ही पगारपत्रक मागा. एप्रिलच्या पत्रकात त्याच्या नावापुढे पगार 14 तारखेपर्यंतचा काढलाय आणि शेरा आहे: ‘गोदीत बेपत्ता’. म्हणजे तो त्या दिवशी कामावर होता हे मालकाने पैसे मोजून मान्य केलंय. त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. मालकाचं पत्र कुणीही गोड लिहून देतं. पगारपत्रकात कुणी उगाच एक दिवस जास्त धरत नाही.

मग एक विंचवाला भेटतो. डावा कान बधिर, बोलताना मान वळवतो. तो सांगतो, की दुसरा चहा झाल्यावर त्याने या टॅली क्लार्कला शेडच्या दाराशी उभं पाहिलं. लोक धूर बघायला पुढे सरकत होते आणि हा फोरमनची वाट बघत होता, वही कुणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय निघायचं नाही म्हणून. “मग मी दोरखंड आणायला मागच्या गल्लीत गेलो. पुढचं मला माहीत नाही.”

ते शेवटचं वाक्य गाळू नका. जसंच्या तसं उतरवा. त्याच्या अंगठ्याला जी किंमत आहे ती याच वाक्यामुळे.

परत येताना कॉरोनरच्या कचेरीतून आणि पोलिसांकडून ‘नाव आढळले नाही’ अशी पत्रं घ्या. नकाराचीही पत्रं लागतात. शोध झाला होता हे त्यांच्यावरून ठरतं.

*

आता तिसरा प्रश्न, पैसे कुणाचे. 1938 च्या विमा कायद्याने कलम 39 आणलं. पॉलिसीवर नाव नेमून ठेवायची सोय त्याने झाली. ही पॉलिसी त्याआधीची, आणि नंतरही कुणी नाव नेमलेलं नाही. नवऱ्याने प्रपोजल भरतानाच 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली ती बायको-मुलाच्या नावे केली असती, तर प्रश्नच उरला नसता. तो कायदा 1923 पासून हिंदू कुटुंबांनाही लागू आहे. पण एजंटाला कमिशन दोन्हीकडे सारखंच, मग तो कशाला सांगतो?

थोरल्या भावांचं म्हणणं असं, की घर एकत्र, चूल एक, तेव्हा पैसे कर्त्याच्या हाती द्यावेत. ते लबाड नाहीत. आठ दिवस इस्पितळं त्यांनीच धुंडाळली, आणि गेले तीन महिने बिऱ्हाडाचं भाडंही तेच भरतायत. पण हप्ते धाकट्याच्या पगारातून गेलेत, म्हणजे पॉलिसी त्याची स्वतःची कमाई. आणि सात वर्षांपूर्वी मुंबईच्याच डॉक्टर गोपाळराव देशमुखांनी मध्यवर्ती कायदेमंडळात पाठपुरावा करून जो कायदा करून घेतला, त्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिलाय. तो हक्क तिच्या हयातीपुरता, मर्यादित. पण त्या आधीच्या काळी याच टेबलावर बसला असतात, तर मुलगा असताना बाईंना पोटगीशिवाय काही देता आलं नसतं. आता अर्धे तिचे आणि अर्धे चार वर्षांच्या अज्ञान मुलाचे. अज्ञानाच्या वाट्यासाठी पालक कोण, हे कोर्टाकडून ठरवून आणावं लागेल. भावांनी भरलेल्या भाड्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे, पण तो तुमच्या टेबलाचा नाही. तसं त्यांना स्पष्ट सांगा, आणि उभं ठेवून नाही, खुर्ची देऊन सांगा.

*

साडेपाचला चहा येतो आणि अण्णा त्याच गठ्ठ्यातली दुसरी फाइल तुमच्यापुढे टाकतात. “ही बघ. सगळे कागद चोख आहेत.”

खरंच चोख आहेत. पॉलिसी 5,000 ची, याच जानेवारीत घेतलेली, सहामाहीचा एकच हप्ता भरलेला. घेतल्यावर महिन्याभरातच ती एका सावकाराच्या नावे लिहून दिलेली. माणूस गोदीत नोकरीला नव्हता. ‘मित्राला भेटायला’ गेला होता. मित्राचं नाव कुठेच नाही. सोबत तीन प्रतिज्ञापत्रं. तिघांनीही त्याला स्फोटात सापडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तिघेही तेव्हा वीस पावलांवर होते, तिघांनाही खरचटलं नाही, आणि तिघांच्याही कागदात वेळ एकच: चार वाजून सहा मिनिटं.

विंचवाल्याला वेळ आठवत होती ती चहावरून. त्या बाईला आठवत होती डब्यावरून. वीस पावलांवर आभाळ फाटत असताना घड्याळाचा काटा बघणारी तीन माणसं एकदम भेटणं अवघड. सहा मिनिटांचा आकडा नंतर बाहेर आलेल्या वृत्तांतातला आहे.

इथे हुरळून जाऊ नका. पॉलिसी दोन वर्षांच्या आतली, म्हणजे कलम 45 कंपनीला खोलात चौकशी करायची पूर्ण मुभा देतं. पण ‘खोटा क्लेम’ असं लिहायचा अधिकार तुम्हाला अजून नाही. तो माणूस खरोखरच गोदीत गेला असेल आणि सावकाराने घाबरून साक्षीदार विकत आणले असतील. खऱ्या मरणालाही लोक खोटे पुरावे जोडतात. सकाळी ज्या बाईला ‘गेले’ म्हणायला लावलं नाही, त्याच न्यायाने या माणसाला ‘गेला नाही’ म्हणायचीही घाई करू नका. पहिल्या फाइलीत प्रत्येक जण आपल्या माहितीच्या कडेला येऊन थांबला होता. या फाइलीत कुणीच थांबलेलं नाही. तेवढंच लिहा.

आता दोन टिपणं लिहायची आहेत. पहिल्यावर: पुरावा एकत्र पाहता मृत्यू 14 एप्रिललाच झाला असं मानण्यास जागा आहे, सात वर्षे थांबू नये, पत्नीकडून दोन जामिनांसह हमीपत्र घ्यावं, मुलाचा वाटा कोर्टाच्या हुकमापर्यंत राखून ठेवावा. अण्णा वाचतात, ‘मानण्यास जागा आहे’ च्या जागी ‘मानावे’ असं करतात आणि खाली सही ठोकतात. मोठे साहेब बहुधा मान्य करतील.

दुसऱ्यावर: मूळ साक्षीदारांना वेगवेगळं बोलावून विचारावं, मित्राचं नाव मागावं, सावकाराच्या वह्या बघाव्यात, तोवर निर्णय नाही. हे साक्षीदार येणार नाहीत, हे तुम्हाला आणि अण्णांनाही दिसतंय. फाइल फळीवर जाईल आणि पडून राहील. 14 एप्रिल 1951 नंतर सावकार, किंवा त्या माणसाची खरीखुरी बायको, कोर्टाचा कागद घेऊन या जिन्याने वर येईल. तेव्हा देशाचं सरकार बदललेलं असेल. अण्णा निवृत्त झालेले असतील. आणखी पाच वर्षांनी तर ही कंपनीच राहणार नाही. 19 जानेवारी 1956 ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करतील आणि 245 विमा संस्थांचे गठ्ठे एका महामंडळाच्या दारात येऊन पडतील. यातला एक शब्दही तुम्ही कुणाला सांगायचा नाही.

सांगता येण्यासारखं जे आहे ते टिपणात सांगा. ही फाइल पुढे उघडणारा कारकून तुम्हाला ओळखत नसेल, त्याने विंचवाला पाहिला नसेल, आणि तुम्हाला शंका का आली हे विचारायला त्याच्याजवळ या कागदाशिवाय कुणी नसेल. म्हणून कुणी काय पाहिलं, कुणी काय फक्त ऐकलं, आणि कोणता निष्कर्ष तुमचा स्वतःचा, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडा. खाली तारीख घाला. शाई वाळेपर्यंत टिपकागद दाबून धरा, आणि अक्षर सुवाच्य काढा.